दुःखसहिष्णुता : तालीम, श्रम आणि वेदना यांचा मराठी इतिहास

१/ मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या वाटेवर डोंगरी हे गाव वसले आहे. जवळच चौकच्या टेकडीवर जंजिरे धारावी किल्ल्याचे अवशेष, खाली वसईच्या खाडीचे मुख आणि पलीकडच्या तीरावर वसईचा कोट. या डोंगराच्या खाणींतला दगड पोर्तुगीज काळात खाडीपार गेला आणि वसईच्या इमारतींत बसला. पुढे १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत याच परिसरासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले.

२/ किल्ला कोणी बांधला आणि कोणी जिंकला, हे इतिहासाची पुस्तके सांगतात. दगड वाहणाऱ्याचा खांदा, वल्हे मारणाऱ्याचा तळहात आणि तटावर चढणाऱ्याचा गुडघा यांविषयी ती सहसा मौन बाळगतात. शरीराला नित्य राबवले तर वेदना सोसण्याची शक्ती खरोखर वाढते काय? वाढत असेल तर कोणाची, आणि कोणत्या अटींवर? या प्रश्नाचा मराठी मुलखातील प्रवास या धाग्यात पाहू.

३/ प्रथम दोन संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे. एखादा स्पर्श, ताप वा दाब ‘दुखतो’ असे प्रथम जाणवते तो बिंदू म्हणजे वेदनेचा उंबरठा. ‘आता पुरे, याहून सोसवत नाही’ असे माणूस म्हणतो तो बिंदू म्हणजे वेदनेची सहनमर्यादा. दोन माणसांचा उंबरठा सारखा असूनही त्यांच्या सहनमर्यादेत मोठे अंतर असू शकते. पुढची सारी कथा या दोहोंमधल्या जागेत घडते.

४/ या जागेला भारतीय वैद्यकात फार जुने नाव आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्यायामाची फळे सांगताना शरीराचा हलकेपणा, कामाचे सामर्थ्य आणि स्थैर्य यांच्या पंक्तीला एक शब्द येतो: ‘दुःखसहिष्णुता’. व्यायामाने दुःख नाहीसे होते, असा दावा चरकाने केलेला नाही. दुःख सोसण्याची क्षमता येते, एवढेच तो म्हणतो. उंबरठा आणि सहनमर्यादा यांतला भेद या एका शब्दात जणू सूचित झाला आहे.

५/ त्याच चरकाने अतिव्यायामाचे दोषही मोजून ठेवले: थकवा, तहान, खोकला, ज्वर, वांती. सुश्रुत आणि वाग्भट यांनी मापच घालून दिले की व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा. कपाळी व काखेत घाम आला, श्वास तोंडावाटे सुरू झाला की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजावे. सहिष्णुता मिळवायची तर मर्यादा पाळली पाहिजे, ही अट आरंभापासूनच घातलेली होती. पुढे ती वारंवार विसरली गेली.

६/ बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या श्रेणी, त्यांचा आहार, त्यांची मेहनत आणि खांबावरचा सराव यांचे वर्णन तेथे येते. मल्लाचे शरीर केवळ जन्माने लाभत नाही, ते ठरावीक क्रमाने घडवावे लागते, ही जाण त्या काळी राजदरबारापर्यंत पोहोचलेली होती.

७/ खांबाची ही विद्या पेशवाईच्या अखेरीस नव्या तेजाने प्रकटली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा मानते. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचे आव्हान तरुण बाळंभटाने स्वीकारले, सप्तशृंगगडावर साधना केली आणि वानराच्या लीला पाहून खांबावरचे डाव बसवले, अशी आख्यायिका आहे. त्यातील चमत्कार बाजूला ठेवला, तरी कुस्तीच्या तयारीसाठी खांब हा तिचा गाभा उरतोच.

८/ मल्लखांबाचे तंत्र वेदनेच्या दृष्टीने विलक्षण आहे. खांब सागाचा वा शिसवीचा, त्याला एरंडेल चोळलेले. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात, मांड्यांत, काखेत तो पकडायचा. नवशिक्याची कातडी पहिल्याच अढीला सोलते. पण चांगला वस्ताद पहिल्या दिवशी सुईदोरा सांगत नाही. आधी साधी पकड, मग अढी, मग बगली आणि दसरंग. कातडीला आणि मनाला एकाच वेळी, थोड्या थोड्या मात्रेने वेदनेची ओळख करून दिली जाते.

९/ तालमीच्या हौद्यातही हेच घडते. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू कालवून ती मऊ ठेवली जाते. पहाटे जोर-बैठका, मग लढत, मग मालीश, खुराक आणि झोप. मेहनतीइतकेच महत्त्व विश्रांतीला. जोडीदार हात पिरगाळतो तेव्हा कळ येते, परंतु हात सोडवून घेता येतो हेही ठाऊक असते. वेदना माहितीची झाली की तिच्याभोवतीची भीती गळून पडते. तालमीने पैलवानाला वेदनेचा अर्थ लावायला शिकवले, आणि हे शिक्षण जोर-बैठकांहून कमी मोलाचे नव्हते.

१०/ पण तालमीचे दार सर्वांना उघडे होते काय? एकोणिसाव्या शतकातील पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांनी मांग समाजातून येऊन स्वतःची तालीम चालवली. दांडपट्टा, तलवार, नेमबाजी यांचे शिक्षण तेथे मिळे. जोतीराव फुले त्यांच्याकडे शिकले. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त कष्ट आले होते, त्यांना व्यायाम उपलब्ध करून देणे ही त्या काळी सामाजिक कृती होती. कष्ट आणि व्यायाम यांतला हा भेद ध्यानात ठेवावा, त्याकडे पुढे पुन्हा वळायचे आहे.

११/ कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आणि मल्लांना राजाश्रय दिला, आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. विदर्भात १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली. याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांचे प्रात्यक्षिक घडवले. वस्तादाच्या अंगणातली विद्या संस्थेत आली, आणि संस्थेबरोबर अभ्यासक्रम, शिस्त व जाहीर प्रदर्शनही आले.

१२/ औंध संस्थानात आणखी एक प्रयोग चालू होता. भवानराव पंतप्रतिनिधी हे काही वर्षे युरोपीय बलोपासक सँडो यांच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचे कट्टर प्रचारक झाले. संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. १९३८ मध्ये त्यांचे विचार इंग्रजी पुस्तकरूपाने लंडनहून प्रसिद्ध झाले. साधन लागत नाही, जागा थोडी पुरते आणि स्त्रीपुरुष दोघांनाही करता येते, हा त्यांचा युक्तिवाद होता. व्यायामाचे ध्येय येथे बलाढ्य मल्ल घडवण्याहून सामान्य माणसाच्या रोजच्या स्वास्थ्याकडे सरकले.

१३/ अनुभवाला मोजमापाची जोड देणारा माणूस मात्र बडोद्याच्या तालमीतून आला. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव हे व्यायामाचे आचार्य तसेच हाडे बसवण्याच्या विद्येतही नाणावलेले. शरीर घडवणारा आणि दुखावलेले शरीर जोडणारा, दोन्ही एकाच व्यक्तीत सामावलेले. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद.

१४/ कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या पोकळीत दाब किती बदलतो, सर्वांगासनात रक्तदाबाचे काय होते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून तपासले. परंपरा खरी असेल तर ती यंत्रासमोर उभी राहू शकेल, अशी त्यांची धारणा होती. वेदना मोजण्याची साधने तेव्हा पुरेशी नव्हती. तरी प्रश्न विचारण्याची रीत मराठी मुलखात त्यांनी रुजवली.

१५/ वेदनेचे मोजमाप पुढच्या दशकांत झाले. १९८१ मध्ये ब्रिटनमधील स्कॉट आणि गिज्सबर्स यांनी जलतरणपटूंची वेदना तपासली. दंडावरचा रक्तप्रवाह रोखून स्नायूंना काम करायला लावले की कळ हळूहळू वाढते. स्पर्धात्मक पोहणाऱ्यांचा उंबरठा इतरांहून फारसा निराळा आढळला नाही, सहनमर्यादा मात्र बरीच अधिक आढळली. शिवाय ती हंगामातील सरावानुसार कमीजास्त होत होती. चरकाने योजलेला शब्द येथे आकड्यांत उतरला.

१६/ सामान्य माणसाचे काय? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात निरोगी पण व्यायाम न करणाऱ्या मंडळींना ६ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, अर्धा तास सायकल चालवायला लावले. त्यांचा वेदनेचा उंबरठा जागेवरच राहिला, सहनमर्यादा वाढली. म्हणजे ही शक्ती निवडक खेळाडूंची जन्मजात देणगी नव्हे, ती काही अंशी कमावता येते. प्रयोग लहान होता हे खरे, म्हणून मोठ्या पाहणीची गरज उरली.

१७/ ती नॉर्वेच्या ट्रोम्सो शहरातून आली. १०,७३२ प्रौढांची ७-८ वर्षांच्या अंतराने दोनदा नोंद झाली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कसोटी साधी होती: बर्फासारख्या थंड पाण्यात हात किती वेळ ठेवता येतो? फावल्या वेळात हालचाल करणारे लोक बैठ्या लोकांपेक्षा अधिक वेळ टिकले. सर्वाधिक जोमाने व्यायाम करणाऱ्यांत हे अंतर सरासरी १६ सेकंदांच्या आसपास होते. ज्यांची हालचाल मधल्या वर्षांत वाढली, त्यांची सहनमर्यादाही वरच्या बाजूस आढळली. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण निर्विवाद सिद्ध होत नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

१८/ शरीरात नेमके काय घडते? १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांची ओळख पटवली. व्यायामाच्या वेळी अशी द्रव्ये आणि गांजासदृश अंतर्गत द्रव्ये वाढतात, मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारे वेदनारोधक संदेश प्रबळ होतात. याच्या जोडीला मानसिक भाग आहे: जळजळणारा स्नायू म्हणजे धोका नव्हे, हे अनुभवाने पटते. वस्तादाने हौद्यात शिकवलेले आणि प्रयोगशाळेने शोधलेले येथे एकत्र येतात.

१९/ मनःस्वास्थ्याचाही यात वाटा आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी नैराश्य असलेल्या १५६ प्रौढांवर १६ आठवड्यांचा प्रयोग केला. काहींना औषध, काहींना देखरेखीखाली व्यायाम, काहींना दोन्ही दिले. अखेरीस तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. याचा अर्थ औषध टाकून द्यावे असा नाही. व्यायामाला उपचाराच्या पंगतीत मानाचे पान आहे, एवढा अर्थ मात्र त्यातून निश्चित निघतो.

२०/ आणि संगत? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या १२ वल्हेकऱ्यांनी एकदा एकट्याने आणि एकदा चमूत, सारख्याच श्रमाने वल्ही मारली. चमूत वल्ही मारल्यानंतर त्यांच्या वेदना सोसण्यातली वाढ एकट्याच्या जवळपास दुप्पट होती. उत्तन-डोंगरीच्या किनाऱ्यावर होडी ओढताना सर्वांनी एका सुरात हाक का द्यावी, लेझीम एका ठेक्यात का खेळावी, आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर पायी जाणाऱ्या दिंडीने टाळ-मृदंगाच्या लयीत का चालावे, यामागे हाही धागा असणे शक्य आहे. सोसलेले दुःख वाटून घेतले की हलके होते, ही केवळ कविकल्पना नव्हे.

२१/ आता पुन्हा डोंगरीच्या खाणीकडे वळू. दगड फोडणारा मजूर कोणत्याही मल्लापेक्षा कमी घाम गाळत नव्हता. बोंबलाची पाटी डोक्यावरून वाहणारी कोळीण आणि वलांडीवर भर उन्हात मासळी वाळवणाऱ्या बाया रोज व्यायामच करतात, असे कोणी म्हणेल. मग त्यांना तालमीचे सारे लाभ आपोआप मिळावेत. वस्तुस्थिती निराळी आहे.

२२/ २०२१ मध्ये कोपनहेगनच्या १ लाखाहून अधिक रहिवाशांच्या पाहणीत फावल्या वेळातील व्यायाम आणि कामावरील शारीरिक श्रम यांची तुलना झाली. फावल्या वेळातील हालचाल वाढली तसा हृदयविकाराचा व मृत्यूचा धोका घटला. कामावरील जड श्रम वाढले तसा तो वाढला. कारणे तर्काला धरून आहेत: व्यायाम थोडा वेळ, बदलत्या हालचालींचा आणि विश्रांतीसह असतो. मजुरी तासन्‌तास, एकाच ढंगाची आणि स्वतःच्या इच्छेने न थांबवता येणारी असते. ‘अर्ध्या शक्तीने’ हा वाग्भटाचा नियम खाणीच्या मुकादमाने कधी पाळला नाही.

२३/ म्हणूनच ‘कष्टकऱ्यांना दुखत नाही, त्यांना सवय असते’ हे वाक्य इतिहासात सावधपणे वाचावे. सोसण्याची शक्ती हा गुण आहे, पण दुसऱ्याच्या सोसण्यावर आपली सोय उभारणे हा गुण नव्हे. लहुजी वस्तादांच्या तालमीचे मोल येथे नव्याने कळते. राबणाऱ्या शरीराला तेथे स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या अभिमानासाठी आणि स्वतःच्या मापाने घाम गाळता आला.

२४/ सहनशक्तीला दुसरी बाजूही आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. जपानच्या इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उतरावे लागले, असे सांगितले जाते. दमलेल्या पैलवानाची बाजू मांडायला तेथे कोणी अधिकारी हजर नव्हता. सोसणाऱ्याला सोसू द्यावे, ही वृत्ती अशी पदकाच्या उंबरठ्यावरही भेटते.

२५/ आणि ज्याच्या नावाशी हा किनारा जोडला गेला, त्या चिमाजी अप्पाचे काय? घोड्यावर आणि छावणीत आयुष्य काढलेला हा सेनानी छातीच्या विकाराने पिडलेला होता. मे १७३९ मध्ये वसई शरण आली आणि डिसेंबर १७४० मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. काटकपणा म्हणजे आरोग्याचे अभय नव्हे. वेदना दडपता आली म्हणून रोग बरा होत नाही. सोसण्याची सवय जडलेला माणूस कित्येकदा वैद्याकडे उशिरा पोहोचतो.

२६/ सारांश असा. नियमित, मापात केलेला व्यायाम वेदना नाहीशी करत नाही, तो सोसण्याची मर्यादा वाढवतो आणि मनाला उभारी देतो. जुन्या दुखण्याने त्रस्त असलेल्याने आरंभ अगदी थोड्यापासून करावा, कारण पहिल्याच दिवशीचा अतिरेक दुखणे बळावूही शकतो. वस्तादांना हे ठाऊक होते, वैद्यांना ठाऊक होते, आणि आता मोजमापही बहुतांशी त्यांच्या बाजूने उभे आहे.

२७/ चौकच्या टेकडीवर चढताना दम लागतो, पोटऱ्या भरून येतात. वर पोहोचल्यावर खाडीपलीकडे वसईचा कोट दिसतो. तो दगड ज्यांनी फोडला आणि वाहिला, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. टेकडी स्वेच्छेने चढणाऱ्याच्या पोटरीतील कळ आणि त्यांच्या खांद्यातील कळ एकच नव्हती. तिथे उभे राहिल्यावर किल्ल्याबरोबर त्यांचीही आठवण ठेवावी.

(धागा समाप्त)